म्हातारीचे दिवे कुणी लावले

नाही दादा, वायरिंग माझं चुकलं नव्हतं. आणि मध्ये बोलू नकोस, कारण हे मी बोलत नाहीये, वकीलबाई वाचतायत. त्यांना थांबवलंस तर त्या परत पहिल्यापासून सुरू करतील, तसं मी सांगून ठेवलंय.

तर. मी, गाड्यांची इलेक्ट्रिशियन, अविवाहित, राहणार माझ्याच गॅरेजच्या वरच्या खोलीत, डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. फुप्फुसं ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. याआधी असलं काही लिहिलं नव्हतं, पुढे लिहायला वेळ मिळेलसं वाटत नाही, तेव्हा हेच धरायचं.

एक. खोली आणि खालचं गॅरेज माझ्या स्वकष्टार्जित कमाईचं आहे. ते समोरच्या पंक्चरवाल्याला द्यावं. तो म्हणेल, "ताई, मला कशाला?" त्याला म्हणावं, गप गुमान घे. दादा माझ्याशी बोलेनासा झाला तेव्हा हा माणूस संध्याकाळी दारात खुर्ची टाकून मला विनोद सांगायचा. विनोद भिकार होते. गॅरेज त्या विनोदांच्या बदल्यात आहे.

दोन. बँकेत जे आहे ते दवाखाना खाईल. उरलंच तर भांडू नका, भांडण्याइतकं ते नसेल.

तीन. पकडी, मीटर, सोल्डरिंगचं सामान मुलींच्या तंत्रशाळेला. टेस्ट लॅम्पसुद्धा. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी, बाकी काही नाही. शॉर्ट शोधताना फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी हा बल्ब जोडायचा. शॉर्ट असेल तर तो भगभगीत पेटतो. मग एकेका दिव्याची वायर सोडवत जायचं. जी सोडवल्यावर बल्ब मंद होतो, चोर तिथे. मुलींना एवढं सांगा, की फ्यूज सारखा उडतोय म्हणून त्याच्या जागी भलतंच काही कोंबायचं नाही. फ्यूज उडतो तो आपल्या बाजूने उडतो.

चार. म्हातारी. म्हणजे बाबांची गोल दिव्यांची जुनी गाडी. ती दादाला द्यावी. का, ते नीट ऐका.

तिचे मागचे दिवे लावले की फ्यूज उडायचा. कधी उडायचा, कधी नाही, अगदी घरच्या माणसांसारखं. मी एकेक वायर सोडवत डिकीपर्यंत पोचले होते. नवी वायर आणायला बाजारात निघाले, तेव्हा फ्यूज काढून खिशात टाकला आणि दादा-वहिनी दोघांना बजावलं, "गाडी हलवायची नाही. दिवे लागणारच नाहीत."

दादा म्हणाला, "अगं, हिचं संध्याकाळी गाणं आहे."

"टॅक्सीने जा."

"नटूनथटून टॅक्सी शोधत फिरू का रस्त्याने?" वहिनी म्हणाली.

"तू गळ्याने गातेस की गाडीने?"

तिघंही हसलो. त्यानंतर आम्ही एकत्र हसलेलो नाही.

मी परत आले तेव्हा डॅशबोर्ड जळून खाली लोंबत होता आणि दादा दवाखान्यात होता. पेटलेल्या वायरी त्याने हाताने ओढल्या, उजव्या. त्या हाताने तो गाड्या रंगवायचा. बोनेटवरची बारीक रेघ पट्टी न लावता एका दमात ओढायचा. आता त्या हाताने शर्टाचं बटण लागतं, तेही कुणी घाई केली नाही तर.

कॉटवरून तो मला म्हणाला, "लागणार नाहीत म्हणालीस आणि लागले. म्हणजे तूच काहीतरी अर्धवट जोडून ठेवलंस."

तो पडला होता तिथून दुसरं काय दिसणार होतं? वहिनी त्याच्या पायाशी बसून संत्रं सोलत होती. फोडीची एकेक शीर काढत होती.

दादाने माझी हत्यारं आमच्या दोघांच्या शेडच्या बाहेर ठेवली. पाटीवर त्यानेच रंगवलेलं "बंधू आणि भगिनी" होतं, त्यातलं "आणि भगिनी" डाव्या हाताने खरवडलं. जळकी म्हातारी माझ्या अंगावर टाकली, भंगार म्हणून.

तिचं वायरिंग सोडवताना फ्यूजच्या जागी घडी केलेला सोनेरी कागद चिकटलेला मिळाला. खोकल्याच्या गोळीचा. घरात असल्या गोळ्या एकच बाई खाते, गाण्याआधी. आणि घडी उलटी होती. सोनेरी बाजूला रंगाचा थर असतो, त्यातून करंट जात नाही; चंदेरी बाजू बाहेर करावी लागते. दादाला बॅटरीत पाणी कुठून घालतात ते माहीत नाही. ही युक्ती मी शिकवली होती कॉलेजात माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला. आडरानात अडकलीस तर, घर येईपर्यंत, आणि शॉर्ट असेल तर मुळीच नाही, असं तीनदा घोकून घेतलं होतं. तीच मैत्रीण पुढे मी दादाला दाखवली.

कागद घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर ठेवला. तिने गॅस बंद केला.

"तो बूट घालत होता गं, तेवढ्यात कोंबला. मला वाटलं, तेवढ्यापुरतं."

"हे त्याला सांग."

"सांगते. हात बरा होऊ दे."

हात बरा झाला नाही, म्हणून तिची वेळही आली नाही. तेही मी समजून घेतलं. नवरा जाईल या भीतीने माणूस मूग गिळून बसतो. पण भाच्याच्या लग्नात ती विहीणबाईंना म्हणाली, "हुशार आहे हो माझी नणंद, पण हाताला फार घाई. हिच्यापायी यांचा हात गेला." मी शेजारच्या खुर्चीवर होते. तिला दिसत होते. आवाजही तिने खाली आणला नाही.

दादा, तू चुकीच्या माणसावर चिडलास, एवढंच. वहिनी, तू केसाने गळा कापलास.

गाडी आता नीट आहे. शॉर्ट डिकीच्या बिजागरीत होता. झाकण मिटलं की वायर चेमटायची आणि उघडं तांबं पत्र्याला टेकायचं. मी नवी वायर दुसऱ्या बाजूने नेऊन रबरी नळीत घातली आहे. दिवे लाव दादा, बिनधास्त.

पाच. वहिनीला काही ठेवलेलं नाही. तिच्यासाठी खाली एक ओळ सोडली आहे. सही केली नाही तरी गाडी दादाचीच. अट मुद्दाम घातली नाही. घातली असती तर तिने गाडीसाठी सही केली असती आणि मला फरक कळला नसता.

मला तिचं उत्तर ऐकायचं होतं. फार वर्षं ऐकायचं होतं. पण ती "अगं, ऐक ना" म्हणाली की मी विरघळते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून वकीलबाई "पाच" म्हणाल्या तेव्हाच मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवरून उठले. माझी आणि साक्षीदारांची सही सकाळीच झाली आहे. आता मी जिन्यात आहे. हाक मारू नका, मागे वळणार नाही.

सही: लिहून ठेवणारी, गाड्यांची इलेक्ट्रिशियन
साक्षीदार: १. वकीलबाईंची टायपिस्ट, २. खालचा झेरॉक्सवाला
ठिकाण: वकीलबाईंचं ऑफिस, दुसरा मजला
दिनांक: सहीखाली शाईने घातला आहे

चौथ्या कलमातली कागदाची हकीकत खरी आहे. (वहिनी) ____________