पहिल्या बाजूचं तिसरं गाणं

खंडाळा, १४ ऑक्टोबर १९७३

आली एकदाची एलपी! बंगल्याच्या मालकांच्या मुलानं, धाकट्या शेठनी, ड्रायव्हरच्या हाती पाठवली. मुंबईत म्हणे पोरं हिच्यासाठी दुकानांत गर्दी करतायत. चार वर्षं शेठच्या रॉक बँडला कुणी विचारत नव्हतं, आता रेडिओवर!

कव्हर उलटसुलट वाचलं. चौघांची नावं आहेत. कावीळ झालेल्या ड्रमवाल्याचंसुद्धा. मग जानेवारीत आठ दिवस, ह्याच बंगल्यात रेकॉर्डिंग चाललं, तेव्हा त्याच्या जागी ड्रम कुणी वाजवले? मी! बंगल्याचा राखणदार गोरख, एके काळचा इंदुरी गावच्या लग्नाच्या बँडातला ढोलवाला. तेव्हा “गोरख, ग्रेट!” करत होते. खाली बारीक अक्षरांत आभार मानलेत — बंगल्याच्या कुत्र्याचे. नावानिशी!

१५ ऑक्टोबर

शेठच्या ग्रामोफोनवर लावली. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं — माझा सगळ्यात चांगला ठेका. आणि ऐन त्यात ठाकरवाडीतल्या हिरीची हाळी! त्या दिवशी ती खालच्या उतारावर गवत कापत होती, नवरा आणखी खाली दरीत. “चिंगीच्या बाऽऽ, जेवाया या!” खिडकी उघडी, सगळं टेपवर गेलं. मी म्हणालो, पुन्हा घेऊ. शेठ म्हणाले, राहू दे, मस्त वाटतंय.

हाळी ठेवली. माझं नाव तेवढं गाळलं.

१९ ऑक्टोबर

शेठ मित्रांना घेऊन आले. धीर करून कव्हरचं विचारलं. “अरे, राहून गेलं रे. चहा टाक.” टाकला.

ते गेल्यावर एलपी मोडायला घेतली. मोडत नाही मेली, नुसती वाकते! मग खिळा घेतला आणि तिसरं गाणं आडवं-उभं ओरबाडलं. बरं वाटलं.

२१ ऑक्टोबर

ठाकरवाडीतून हिरी लाकडाची मोळी घेऊन आली. मोळी टाकली, पण हलेना.

“भाऊ, डायवर म्हनला, त्या तबकडीत माजी हाळी हाय.”

“आहे.”

“मंग त्यांचं ‘आलो गं’ बी आसंल?”

होतं. हाळीमागोमाग, दरीतून. मी माझ्या ठेक्यापलीकडे काही ऐकलंच नव्हतं! जुलैत घाटात दरड कोसळली, तिच्याखाली हिरीचा नवरा नवशा गेला. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाही.

“सुई मोडलीय,” म्हणालो. “बरं,” म्हणून गेली बिचारी. थू माझ्या जिनगानीवर!

२८ ऑक्टोबर

मुंबईला जाऊन तीच एलपी विकत आणली. दुकानदार म्हणतो, “ड्रम ऐका, काय वाजवलाय!” पैसे मोजले आणि एलपी काखोटीला मारली.

२९ ऑक्टोबर

हिरीला ऐकवली. “आलो गं” आलं तशी ती ग्रामोफोनपाशी सरकली. सुईकडे बघत म्हणाली, “ह्यो काटा घासतोय, त्यानं आवाज झिजत न्हाई व्हय?”

“झिजतो थोडा. पुन्हा लावू?”

“नगं भाऊ. ऱ्हाऊ द्या त्यास्नी तितंच.”