जादा चिठ्ठी

प्रिय धाकटे,

तीन दिवस तुझा फोन उचलला नाही. शुक्रवार जवळ येतोय, ठाऊक आहे. फोनवर मी बोलत सुटते आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून हा कागद.

आमच्या दुसरीच्या वर्गात यंदा गटाने शिकायचं फर्मान निघालंय. चार मुलं, एक धडा, त्याच्या चार चिठ्ठ्या. प्रत्येकाने आपली वाचायची आणि बाकी तिघांना शिकवायची. म्हणजे कुणाचंच कुणावाचून चालू नये. पर्यवेक्षक बाईंनी त्याचं दोन तास प्रशिक्षण दिलं. त्यातला पाऊण तास चहाचा, तेवढाच काय तो सहकार्याने पार पडला.

खिडकीजवळच्या गटात आमची गोगलगाय बसते. नाव मुलांनी ठेवलंय, तिला आवडतंही. शब्द तिच्या ओठांपर्यंत येतो आणि दाराशीच घुटमळतो. माझा जीव टांगणीला! हिची चिठ्ठी अडली की अख्खा गट अडणार. मग मी शहाणपणा केला. तिच्या चिठ्ठीची जादा प्रत त्याच गटातल्या बडबडीच्या वहीत रोज गुपचूप सरकवायला लागले. असावी आपली, अडीनडीला.

अडायच्या आधीच बडबडी सगळं सांगून मोकळी. धडा वेळेत, बाईंचा शेरा ‘उत्तम’. चौथ्या दिवशी पाहते तर गोगलगाईने चिठ्ठीची घडीसुद्धा मोडलेली नाही. का गं, विचारलं तिला, तर उत्तर बडबडीचं: “बाई, तिची माझ्याकडे असतेच की!”

काल जादा चिठ्ठी दिली नाही. धडा झाडाच्या मुळांचा. तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसली. एकाने जांभई दिली, बडबडीने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. मी कोरा फळा तीनदा पुसला. सुट्टीची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, ही चौघं तिथंच. मग गोगलगाईने बाकावर बोट टेकवलं, खाली खाली नेलं आणि म्हणाली, “मुळं… पा… पाणी पितात.” जांभईवाला म्हणाला, “हॅ, त्यांना तोंड कुठंय?” ती खुदकन हसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. धडा अर्धाच झाला. पर्यवेक्षक बाई मागे उभ्या होत्या. शेरा काय येईल ते सांगायला ज्योतिषी नको.

गेल्या वर्षी तू म्हणालीस, माझ्या लेकीला तुझ्या वर्गात घे, ताई. मी म्हटलं, बोलायला वेळ लागतो तिला, हाल होतील पोरीचे. हाल माझ्या निकालाचे होणार होते गं. तुझ्या घरी तिला कुणी नाव विचारलं तरी मीच सांगायचे, भूक लागली का विचारलं तरी मीच. सात वर्षं तिची जादा चिठ्ठी मी होते. आता तू तिला घरीच ठेवणार, असं आई म्हणाली. नको ठेवूस. मला जमेल का, देव जाणे. पण शुक्रवारी प्रवेश बंद होतात आणि दाराजवळच्या गटात तीनच मुलं आहेत. चौथी चिठ्ठी रोज उरते. घेऊन ये तिला. मी नाव विचारीन, आणि ती सांगेपर्यंत गप्प बसेन.

तुझीच,
गप्प बसायला शिकणारी
ताई