बारा सेकंद

सोमवार, ३
आज सकाळी भूकंपमापन केंद्रात रुजू झालो. यंत्राचा कागद बदलण्याआधी हात जोडले, तर साहेब हसले. म्हणाले, "अहो देवमाणूस, त्याला नमस्कार नको, शाई घाला." पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी, पण जागा मनापासून आवडली. खिडकीसमोर टेकडी आहे.

बुधवार, ५
साहेब जीव लावून शिकवतात. धक्क्याची पहिली लहर धावत येते, दुसरी मागून पाय ओढत. मधले सेकंद मोजून आठाने गुणायचे, की झाले किलोमीटर. तीन केंद्रांभोवती त्या अंतराची तीन वर्तुळं काढायची. ती छेदतात तिथे भूकंप. मग अंतर आणि सुईच्या रेघेची उंची यांवरून रिश्टरचा आकडा. तीच रेघ जवळची धरली, तर आकडा लहान येतो.

शनिवार, ८
कपाटात सहा वर्षांपूर्वीचा कागद सापडला. खाण कोसळली त्याच्या आदल्या दिवसाचा. खाण इथून शहाण्णव किलोमीटर. कागदावर स्वच्छ बारा सेकंद. तक्त्यात साहेबांच्या अक्षरात तीन. म्हणजे धक्का खाणीखालचा नाही, इथलाच, किरकोळ. खाण चालू राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वीसला ती कोसळली, तेव्हा माझा धाकटा भाऊ आत होता.


सोमवार, १०
साहेबांना विचारलं. म्हणाले, वरून फोन आला होता. तुमचा भाऊ आत असेल हे मला काय स्वप्न पडलं होतं?
दहा वीसला सुई हलली. बारा सेकंद.

मंगळवार, ११
दहा वीस. नऊ सेकंद. साहेब म्हणाले, ट्रक गेला असेल. ट्रकला दोन लहरी नसतात.

बुधवार, १२
सहा. बाकी दोन केंद्रांना फोन करून वर्तुळं काढली. छेदली ती खाणीकडून इकडे येणाऱ्या रस्त्यावर, निम्म्या वाटेत. येतंय. कोण —

गुरुवार, १३
तीन. साहेबांनी लिहिला तोच आकडा. भिंतीतून काळी धूळ गळते. भावाच्या सदऱ्याला असायची, तीच. साहेब आता हसत नाहीत. उद्या कायमचे निघणार म्हणतात.

शुक्रवार, १४
साहेब जुना कागद जाळायला आले. मी म्हटलं, आधी खरा आकडा लिहा, सही करा, मग जा. म्हणाले, मेलेल्यांना सही लागत नाही, देवमाणूस.
दहा सतरा. बाहेरून कडी घातली. मीच. देवा, क्षमा मागत नाही. मीही इथेच बसलोय, दाराशी — ते आतून ठोठावतायत — जमिनीखालूनही कुणी — दोन लहरींत आता काहीच अंत