चाळिसावा तोलणार

विद्यार्थिनी वसतिगृह, पुणे
४ फेब्रुवारी २०२५

ती. सुखदेवमामांस,
चैतालीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

खोकला कसा आहे? काढा घेताय की मामीला दाखवून कुंडीत ओतताय?

माझं मानसशास्त्र अडलंय, मामा. प्रबंधासाठी मार्केट यार्डातल्या चाळीस तोलणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘काम झाल्यावर मी पुन्हा पुन्हा तपासतो का?’ याला एकोणचाळीस जणांनी ‘नेहमी’ म्हटलं. त्यावरून तोलणारे फार चिंताग्रस्त, असा छान नियम निघतोय. फक्त तुमचे जुने सोबती नागोराव ‘कधीच नाही’ म्हणाले. माझ्या मार्गदर्शक आनंदी मॅडमचं म्हणणं, एकासाठी नियम अडत नाही, वगळ. वीस तारखेला प्रबंध द्यायचाय. वगळलं तर मन खातं, ठेवलं तर नियम लंगडतो. काय करू?

लोभ आहेच, तो माझ्या मार्कांवर अवलंबून ठेवू नये, ही विनंती.

आपली,
चैताली

कात्रज
८ फेब्रुवारी

चि. चैताली हिस अनेक आशीर्वाद व जय भीम.

काढा पितोय. कुंडीतलं रोप मेल्यापासून मामी समोर उभी राहते.

मी एकतीस वर्षं तोलणार होतो. तुझ्या नियमाप्रमाणे माझा मुक्काम कात्रजऐवजी येरवड्याच्या मनोरुग्णालयात हवा होता. तो नागोराव तर आम्हां सगळ्यांत काटेकोर. मग तो ‘नाही’ का म्हणाला? मला माहीत आहे, पण सांगणार नाही. घरी तुला वाचायला शिकवलं, तेव्हा तरी शब्द आधी सांगत होतो का? तू त्याला मोजलंस, विचारलं कुठं? यार्डात जा. आणि जेवत जा.

तुझा चहाखर्चासह हितचिंतक,
सुखदेवमामा

पुणे
१७ फेब्रुवारी

ती. मामांस सप्रेम जय भीम.

गेले. नागोरावांच्या काट्याशेजारी दोन सकाळी बसले. आधी रिकामा काटा शून्यावर आहे का बघतात, मग गोणी चढवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबतात, गोणी उतरली की परत शून्य आलं का बघतात. मी म्हटलं, हे तीनदा तपासणंच झालं. ते चिडलेच. म्हणाले, हा एक तोल झाला, यात तपासणं कुठलं?

मग बाकीच्यांनाही पुन्हा विचारलं. एकतीस जण याच कामाला तपासणं म्हणत होते. घरी कुलूप लागलंय का, हेसुद्धा ते बघत नाहीत. ते खातं बायकोकडे. उरलेल्या आठांना मात्र खरीच काळजी आहे. त्यांच्याशी आता एकेकट्याला गाठून बोलतेय.

मॅडमना घाबरत सांगितलं. त्यांनी सगळ्या प्रश्नावल्या पुन्हा चाळल्या. मग म्हणाल्या, एकतीस धडधाकट माणसांना आजारी ठरवण्यापेक्षा एका प्रश्नाला आजारी ठरवू. नागोराव राहिले, त्यांच्यावर वेगळं प्रकरण लिहायचंय. वीस तारखेची अट गेली, महिनाभर मुदत मिळाली. रडू येईल वाटलं होतं, भूक लागली.

हे पाकीट चिकटवण्याआधी पत्ता, तारीख आणि सही बघितली. नागोरावांच्या मते हे एकदाच झालं.

माया अशीच असू द्यावी, आणि काढा तेवढा कमी करू नये.

आपली,
चैताली