ओल्या तळावरचं फायबर

अहो,

"लाकूड आतून वाळल्याशिवाय वर फायबर चढवायचं नाही," मामंजी त्यांची नाव दुरुस्त करताना तुम्हाला बजावायचे. बरकतपुऱ्याच्या रमणारावांना ही जुनी नाव घाईनं विकायची होती, म्हणून तुम्ही कुजक्या तळावर ओलंच प्लायवुड बसवलंत आणि वरून फायबर, निळा रंग. मी अंगठ्यानं दाबलं तर कडेनं पाणी आलं. तुम्ही हसलात, "तू जप कर, तुझा देव तारेल की." देवाला तुमच्या कामात ओढू नका.

उद्या तिच्यात रमणारावांची मुलं बसणार. कच्ची नाव पाण्यात जाऊ देणार नाही, असा शब्द मी मामंजींना दिला होता. जपासाठी रोज सकाळी पाळते ते मौन आज पहिल्यांदा मोडणार आहे, त्यांना खरं सांगायला. भात झाकलाय, कढी गरम करून घ्या. मी रमणारावांकडे निघाले.

वसुधा