गुळातली गोळी

४ फेब्रुवारी १९९६, रविवार

शी! आज एका बाईनं दादाची थुंकी कपाळाला लावली.

अपघातापासून त्याचा ओठ डावीकडून लोंबतो, लाळ आवरत नाही. बोलता बोलता तिच्या हातावर उडाली. बाई सणसरची, चांगली शहाणीसुरती, मनगटावर घड्याळ. मला वाटलं आता पदरानं पुसेल. तिनं बोट फिरवलं आणि टिळा लावला! वर मलाच म्हणते, "नशीबवान हायेस गं. घरात देव बोलतोय तुझ्या."

दर रविवारी हेच. सोनबानाना ओट्यावर घोंगडी अंथरतात आणि दादाला तिच्यावर बसवतात. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, तात्यांचे धाकटे भाऊ, पण घर त्यांच्याच शब्दावर चालतं. बिरोबाच्या देवळाचंही तेच बघतात. दादाच्या कपाळावर टाक्यांचा व्रण आहे, नेमका त्याच्यावर भंडारा फासतात. लोक प्रश्न विचारतात, दादा काहीबाही बडबडतो, नाना अर्थ सांगतात. आज तो सारखा "पाणी, पाणी" करत होता. नाना ताडकन उठले — "पानी म्हंतोय! कालव्याला पानी सुटतंय बगा!" सगळ्यांनी हात जोडले.

तहान लागली होती त्याला! तीन तास उन्हात बसवलेला माणूस. मी तांब्या घेऊन गेले तर नाना डोळे वटारून म्हणाले, "मधी मधी करू नगंस."

५ फेब्रुवारी

सकाळची गोळी गुळाच्या खड्यात दाबून दिली. संध्याकाळचीही. आईनं विचारलं तर मी म्हणाले, गूळ मागत होता. एका दिवसात दोनदा खोटं.

नानांनी दादाच्या झटक्याच्या गोळ्या बंद केल्यात. त्यांचं म्हणणं, गोळीनं देव झोपतो.

८ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला डॉक्टरकडे नेलं. घरी सांगितलं, बारामतीला टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय, दादालाही हिंडवून आणते.

लासुर्ण्याला एसटीत बसलो. दादा एका म्हातारीच्या नाकातल्या नथीकडे बघून मोठमोठ्यानं हसला, मग शिव्या. कंडक्टर म्हणाला, "सकाळी सकाळीच लावून आलाय व्हय? उतरव त्याला." मी म्हणाले, "पिलेला नाही, डोक्याला लागलंय." तर मागून एकजण — "लागलंय, लागलंय, चांगलीच लागलीय!" सगळी गाडी हसली. दादाही हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय.

डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. म्हणाल्या, "एक दिवससुद्धा गोळी चुकवायची नाही. झटका लांबला तर जीव जाईल. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. गोंगाटात बसवायचं नाही. आणि रोज काय झालं ते लिहून ठेव." मग विचारलं, "घरी गोळी कोण देतं?" म्हटलं, मी. "सगळ्यांसमोर?" मी हो म्हणाले. आणखी एक खोटं.

त्यांच्या दवाखान्यामागं एक खोली आहे. दर गुरुवारी तिथं डोक्याला मार लागलेल्यांच्या घरची माणसं बसतात. आज चौघी होत्या. इंदापूरच्या विजयमालावहिनी स्टोव्हवर चहा करत होत्या. त्यांचे मालक सर्जेराव शाळेत मास्तर होते, जिन्यावरून पडले. आता तोल जातो, जीभ जड पडते. त्यांच्या खिशात एक चिठ्ठी असते — 'माझ्या मेंदूला मार लागला आहे. मी दारू प्यालेलो नाही. कृपया मला दोन मिनिटं द्या.' दुकानात, एसटीत ते ती काढून दाखवतात.

मी दादाचं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "आमच्या ह्यांना गाव दारुडा म्हणतं. तुझ्या भावाला देव म्हणतं. तुझं बरंय की बाई! निदान नारळ तरी येतात घरी."

सगळ्या हसल्या. मीही! चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

११ फेब्रुवारी

दादाच्या खिशात तसलीच चिठ्ठी ठेवली होती. नानांनी फाडली. "देवाच्या खिशात कागूद?"

१९ फेब्रुवारी

आज अक्षरं शिकवताना दादाला 'ग' आला. मग पुढची दहा मिनिटं सगळ्यालाच ग.

मी पाचवीपर्यंत शाळा पाहिली नाही. आम्ही मेंढरांमागं कोकणात असायचो. दादा इथं आत्याकडं राहून शिकायचा आणि सुट्टीत तळावर यायचा. मेंढरांवर खुणा करायच्या गेरूनं तो मला दगडांवर अक्षरं काढून द्यायचा. नियम एकच. येत नसेल तर येत नाही म्हणायचं, खोटं उत्तर द्यायचं नाही. एकदा मी अंदाजानं 'भ' ला 'म' म्हणाले तर दिवसभर बोलला नाही.

आज मी 'क' दाखवला. त्यानं अक्षरावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "येत न्हाय." त्याला तो नियम आठवतो. अक्षर आठवत नाही.

१० मार्च, रविवार

आज ओट्यावर दादाला झटका आला. डोळे फिरले, हातपाय आखडले, तोंडाला फेस. आणि नाना — "आलं! अंगात आलं!" ढोल आणा म्हणाले! लोक पाया पडायला पुढं. मी त्याला कुशीवर वळवायला गेले तर शेजारच्या चंद्राबाईनं माझा दंड धरला, "शिवू नगंस, देव हाय."

परवा रात्री नानांना गुळात गोळी सापडली होती. तेव्हापासून गूळही बंद. दोन दिवसांत झटका.

मला या माणसांची किळस येते. त्यांच्या कुंकवाची, नारळांची, जोडलेल्या हातांची. एकालाही तो माणूस म्हणून दिसत नाही. आईला म्हटलं, तुला पोटचा पोर पाहिजे की देव? ती भाकरी थापतच बोलली, "आदी तीन म्हैने खुळ्याची आय म्हनत हुती मला. पान्यावर गेलं की बाया गप व्हायच्या. आता वाट देत्यात." मग हळूच, "मला कळत न्हाय व्हय गं दिपे?"

कळतं तर!

१७ मार्च

यात्रा ३१ तारखेला. यंदाची भाकणूक दादा सांगणार. पाऊस किती, पीक कसं, रोगराई काय — सगळं त्याच्या तोंडून. नानांनी पंचक्रोशीत सांगून ठेवलंय. आदल्या दिवसापासून उपास, मग चार तास ढोल.

उपास, गोळी नाही, चार तास ढोल. डॉक्टरीणबाईंचं वाक्य डोक्यातून जात नाही.

तात्यांना सांगितलं. "सोनबाला इचार," म्हणाले आणि शेळ्या सोडून निघून गेले.

२४ मार्च

हे कधी लिहिलं नाही. आज लिहायचंच.

डिसेंबर ९४ ला दादाची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. अकरा दिवस बेशुद्ध. घरी आला तो वेगळाच. गेल्या वर्षी मार्चमध्ये तो उघडाच संभाजी पाटलांच्या घरात शिरला, त्यांना आईवरून शिव्या दिल्या. त्यांचे भाऊ काठ्या घेऊन धावले. एक काठी पाठीत बसली. दुसरी डोक्यावर येत होती.

मी मध्ये पडले. काय ओरडावं सुचेना. डोक्याला लागलंय म्हटलं तर ऐकत नव्हते. मग ओरडले, "मारू नका! देव बोलतोय त्याच्यातनं!"

काठ्या तिथंच थांबल्या. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर पहिला नारळ होता.

नानांनी नाही, मी केलं हे. वर्षभर सगळ्यांना नावं ठेवते आहे आणि वही पहिल्या पानापासून खोटी. माझीच शिसारी येते.

२८ मार्च, गुरुवार

एकटीच बारामतीला गेले. विजयमालावहिनींना सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा गाळला. "खोटं बोललीस म्हणून जिता राहिला तो. आता खरं बोल, म्हणजे जिता राहील."

चारचौघांत?

"मग काय, फडताळात तोंड घालून बोलणारेस?"

३१ मार्च, रविवार

आज सगळं लिहिते.

देवळापुढं गर्दी मावत नव्हती. दादा मधोमध घोंगडीवर, उपाशी. ढोल सुरू झाले तसा तो कान दाबून घ्यायला लागला. नाना त्याचे हात खाली ओढत होते. मग त्याचा डावा गाल उडायला लागला. झटक्याआधी उडतो तसा.

मी रिंगणात शिरले. केस सुटले होते, चप्पल कुठं गेली कळलं नाही. ओरडले, "बंद करा! ढोल बंद करा! हा देव नाही, माझा भाऊ आहे. याच्या मेंदूला मार लागलाय. देव बोलतोय हे मी सांगितलं होतं, मी! खोटं होतं ते! याला गोळी पाहिजे, आत्ता, माझ्या हातानं!" आवाज माझा मलाच ओळखू येईना. अंग लटलट कापत होतं.

ढोल थांबले. मी कनवटीची गोळी काढून त्याच्या तोंडात घातली. झुंबर ढोलवाला पळत पाणी घेऊन आला. कुणी अडवलं नाही. तो माझ्या मांडीवर झोपी गेला. झटका आला नाही.

खरं बोलले! सगळ्या गावासमोर!

१ एप्रिल

पहाटे नानांनी स्वतः दादाला गोळी दिली. आधी गोळीला भंडारा लावला.

उंबऱ्यावर आज दोन नारळ होते. चंद्राबाई माझ्या पाया पडली. "काल काय अंगात आलं गं बाई तुझ्या!"

तोंड उघडलं. खरं सांगणार होते. नाना हात जोडून उभे होते. "देवाचं आजून काय म्हननं हाय?"

दादा भिंतीला टेकून गूळ चघळत होता.

मी म्हणाले, रोज दोन वेळा गोळी. रविवारी घोंगडी नाही. दर गुरुवारी बारामती.