एक लाख चौऱ्याऐंशी हजार फोटो, एकदम सेफ

३ मार्च २०२५, सकाळ
स्टुडिओत नवीन कॉम्प्युटर आला. टेंभुर्णीत असा दुसरा न्हाई. जुन्यात माझे सोळा वर्षांचे फोटो आहेत. एक लाख चौऱ्याऐंशी हजार. लग्नं, बारशी, सरपंचांची सगळी उद्घाटनं. प्रत्येक फोटोला नाव, तारीख, स्टार. कॅटलॉगची ही शिस्त जिल्ह्यात कुणाकडे न्हाई. उद्या बॅकअप. परवा नव्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर. बिलकुल टाळायचं न्हाई.

४ मार्च
बॅकअप झाला. दोन मिनिटांत! चहा यायच्या आत. सोळा वर्षं एका पेनड्राइव्हमध्ये मावली, तरी अर्धा रिकामा. आकांक्षानं (बायको, शाळेत गणित शिकवते) विचारलं, एवढे फोटो एवढ्याशात मावतील कसे? तिला कॉम्प्रेशन समजावलं, कॉम्प्युटर फोटो दाबून बारीक करतो म्हणून. ती म्हणाली, एकदा उघडून तर बघा. शिक्षकांना सगळ्यांची परीक्षा घ्यायची सवयच असते.

५ मार्च
जुन्या कॉम्प्युटरची डिस्क फॉर्मॅट करून, म्हणजे कोरी करून, दुकानाच्या सीसीटीव्हीला लावली. वस्तू वाया घालवणं मला जमत न्हाई. नक्की का, असं कॉम्प्युटरनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा माझं नक्कीच होतं.
रिस्टोअर उद्या.

९ मार्च
रिस्टोअर राह्यलं. लग्नसराई आहे. घाई काय, डेटा सेफ आहे.
मूलचंदशेठच्या सूनबाई कनिका आल्त्या. मुलाच्या बारशाचे फोटो पेनड्राइव्हवर मागत होत्या. दिले न्हाईत. लोक पेनड्राइव्ह हरवतात. म्हटलं, वहिनी, तुमच्यापेक्षा माझ्याकडे सेफ. पटलं असावं. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून गेल्या.

१७ मार्च
केदारखेड्याच्या उषाबाई आल्त्या. त्यांचे मालक काकासाहेब मागच्या महिन्यात वारले. वाईट झालं. माणूस जन्मभर फोटोला उभा राह्यला न्हाई. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात मात्र मी त्यांना हसताना बराबर टिपलं होतं. अल्बममध्ये घातला न्हाई, तिथं व्याह्यांकडची मंडळी जास्त पाहिजे होती. उषाबाईंना आता तोच फोटो भिंतीवर लावायचा आहे. दुसरा त्यांच्याकडे न्हाई. लेकीनं तेव्हा सगळे मागितले होते, तुम्हीच दिले न्हाईत, अशी आठवण त्यांनी करून दिली. म्हटलं, मंग बघा, माझ्याकडे सेफ आहे, आज कामाला आलं का न्हाई? रविवारी देतो म्हणालो. त्यांनी पदर डोळ्याला लावला. मलाही बरं वाटलं. असं काम दुसरा कोण करतो?

१८ मार्च, सकाळ
रिस्टोअर केलं. कॅटलॉग बराबर उघडला. नावं, तारखा, स्टार, सगळं जागेवर. फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. प्रत्येकावर प्रश्नचिन्ह. लोड होत असावेत.

दुपार
लोड होऊन राह्यलेत.

संध्याकाळ
आकांक्षा शाळेतून आली. पाच मिनिटं बघून म्हणाली, हे पुस्तक न्हाई, नुसती अनुक्रमणिका आहे. तुम्ही यादीचा बॅकअप घेतला. फोटो त्या जुन्या डिस्कवरच होते. मी म्हणालो, कंपनीनं हे स्पष्ट लिहायला पाहिजे. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. तसं स्पष्टच लिहिलं होतं. पण इंग्रजीत.
काकासाहेबांची ओळ सापडली. "काकासाहेब, हसताना. २२ मे २०२२, ११.४२. पाच स्टार." खाली राखाडी चौकोन.
जेवण गेलं न्हाई.

२० मार्च
डिस्क घेऊन जालन्याला गेल्तो. गेलेला डेटा काढून देणारा अमन नावाचा पोरगेला माणूस आहे. म्हणे, नुसती फॉर्मॅट केली असती तर जल्दी निघालं असतं, पण त्याच्यावर पंधरा दिवस सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग होऊन राह्यलं. जेवढं निघालं तेवढं त्यानं दाखवलं. मी. दुपारी एक ते चार, काउंटरवर झोपलेला. रोज. पिक्चर क्वालिटी चांगली आहे.

२३ मार्च, रविवार
केदारखेड्याला स्वतः गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं, की सर्व्हरला प्रॉब्लेम आहे. माझ्याकडे सर्व्हर न्हाई, पण ते त्यांना कुठं माहीत.
उषाबाईंनी चहा ठेवला. भिंतीवर नवा खिळा ठोकून ठेवला होता. वाक्य निघालंच न्हाई. फोटो गेला, माझ्या हातानं गेला, एवढंच निघालं. त्यांनी चहाचा गॅस बंद केला. मंग म्हणाल्या, तुम्ही तर सेफ आहे म्हणाल्ते. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कॉम्प्रेशनबद्दल होतं.
त्यांनी लेकीला फोन लावला. लेकीनं शोधून एक फोटो पाठवला, लग्नात कुण्या पाहुण्यानं मोबाइलवर काढलेला. काकासाहेब हसून राह्यले. तोच क्षण. पण अर्धेच दिसतात, कारण पुढे एक माणूस डोळ्याला कॅमेरा लावून पाठमोरा उभा आहे. उषाबाईंनी विचारलं, हा मधला माणूस काढता येईल का?
येईल म्हणालो.

२६ मार्च
तीन दिवस स्वतःला पुसत बसलो. पूर्ण निघालो. पण मी होतो तिथं काकासाहेबांचा डावा डोळा आणि अर्धं हसू पाहिजे, आणि तिथं मंडपाचं कापड आलं. उषाबाईंना नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, हे भेसूर दिसतं. राहू द्या, तुमच्यासकटच द्या.
फ्रेम करून मीच खिळ्यावर लावली. त्यांनी हार घातला. तो बराबर माझ्या पाठीवर येतो.